तिसरी रिंग

मित्रांनो, बोरी अरबच्या बसस्टँडसमोर इंदूबाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. आत गेलात, तर डावीकडे हिरव्या चुड्यांच्या माळा दिसतील, उजवीकडे टिकल्यांची पाकिटं, आणि मधे, आरशाच्या खाली, भिंतीला टांगलेला एक पिवळा डबा. रंग पोपडे धरून उडालेला. कपाळाशी नाणं टाकायची एक फट. डोक्यावर बांगड्यांची रिकामी खोकी. तो मी. मी एक जुना फोन आहे, रुपया टाकून बोलायचा.

आता माझ्यातून कुणी बोलत नाही. पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं, पंखा उगाच फिरत राहिला, की मला तारेवरचं अजून ऐकू येतं. तार केव्हाच काढून नेली, तरी येतं. तुमचं नाही का होत असं? झुल्यावरून उतरल्यावरही अंग थोडा वेळ झुलत राहतं. माझंही तसंच आहे.

माझा जन्म कुठल्या गावी झाला, ते आठवत नाही. एवढं आठवतं, की एका लांबलचक टेबलावर आम्ही भावंडं ओळीनं बसलो होतो आणि कुणीतरी एकेकाला वाजवून बघत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी वाजलो, आणि माझाच आवाज ऐकून मी दचकलो. मग खोकं, काळोख, ट्रकचे हिसके. डोळे उघडले ते इंदूबाईंच्या दुकानात. खांबावर चढून तार ओढणारा खेमसिंग लाइनमन खाली उतरला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "पाहा इंदूबाई, घंटी वाजली तं उचलाचा. बोलाचं असन तं रुपया टाकाचा. याच्यापेक्षा सोपं काही नाही."

"एवढं सोपं होतं तं तुमच्या हापिसनं वर्षभर कायले लावलं?" इंदूबाई म्हणाल्या. खेमसिंग हसला. चहा पिऊन गेला.

ती तार म्हणजे माझा हात होता, मित्रांनो. दुकानातून निघून समोरच्या खांबावर, तिथून कडुलिंबाच्या शेंड्यावरून, मग शेतांच्या बांधाबांधानं दूर. एक बोट दारव्ह्याकडे, एक यवतमाळकडे. त्या हातावर पाखरं येऊन बसायची. कोतवाल यायचा, वेडे राघू यायचे. कपाशी फुटली, की वाऱ्यानं उडालेला एखादा चुकार पुंजका तारेला चिकटून राहायचा, आणि मला वाटायचं, आता माझ्यातून जाणारे शब्दही मऊ होऊन जात असतील.

सुरुवातीला माझी काय ऐट होती! माणसं केस विंचरून, धुतलेला सदरा घालून फोन करायला यायची. शेजारच्या तांड्यावरच्या मानीबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा चपला बाहेर काढून आल्या. "देवापुढं यवढी वाकत नाहीस," इंदूबाई म्हणाल्या. मानीबाई म्हणाल्या, "देव कुठी नागपूरले बोलू देते?" दसऱ्याला इंदूबाई मला हळदकुंकू लावायच्या, आपट्याचं पान वाहायच्या. बाळंतपणाच्या बातम्या माझ्यातूनच गावात शिरल्या. कितीतरी लग्नं माझ्या पोटात जमली.

मग कापसाची ती वर्षं आली. भाव खाली बसले आणि उठेचनात. गावातला कापूस बैलगाड्यांत भरून दारव्ह्याच्या खरेदी केंद्रावर जायचा आणि तिथं रांगेत उभा राहायचा. आज गाडीचा नंबर लागेल, उद्या लागेल. माणसं गाडीखालीच झोपायची, तिथंच तीन दगडांवर भात शिजवायची. इकडे गावात बायका दिवसभर वेचणी करायच्या, आणि दिवस कलला की पोरं कडेवर घेऊन माझ्यासमोर जमायच्या.

कशाला? तर रिंग ऐकायला.

बोरीच्या गाडीवाल्यांनी आपापसात एक रीत ठरवली होती. रोज संध्याकाळी एकानं दारव्ह्याच्या बूथवरून फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हणजे, सगळे बरे आहेत, नंबर लागला नाही, जेवून घ्या. इकडून कुणी उचलायचा नाही. उचलला, तर तिकडच्याचा रुपया गेला. आणि तिसरी रिंग वाजलीच, तर मात्र उचलायचा. तिसरी म्हणजे काही सांगायचं आहे.

रिंग द्यायचं काम सदाशिवरावांकडे होतं. ते उंच, मितभाषी शेतकरी. घरातही जेमतेम दोन शब्द बोलणारा माणूस, फोनवरही दोनच रिंगा, असं बायका म्हणायच्या. त्यांची बायको बेबीताई ओठ दाबून हसायची. पण मी पाहिलं आहे ना. पहिली रिंग वाजली, की तिचा चेहरा उजळायचा. दुसरी संपेपर्यंत ती श्वास धरायची. तिसरी वाजली नाही, की तो श्वास हळूच सोडायची. मग म्हणायची, "चला, भाकरी टाकाच्या हायेत." आणि एखादी नवखी पोर पहिल्याच रिंगेला हात पुढे करायची, तेव्हा इंदूबाई तिच्या हातावर चापट मारायच्या. "उचलू नोको वो. थे माणूस 'मी आहे' यवढंच सांगून राह्यलं."

या बेबीताईचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

तिची मुलगी निकिता. शाळेत जाणारी, दोन वेण्यांची. पोरगी एकदा विहिरीच्या काठाशी उभी असताना अचानक ताठ झाली, डोळे फिरले आणि कोसळली. पाण्यात नाही, काठावर पडली, एवढंच नशीब. यवतमाळला फिटच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. पुन्हा फिट आली नाही. दोघी निघताना डॉक्टर म्हणाले होते, "काही वाटलं तर फोन करा." हे शब्द बेबीताईनं पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते.

एका सकाळी ती निकिताला घेऊन दुकानात आली. मुलीच्या पोटावर, दंडावर लाल चट्टे उठले होते. गावच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, की हे गोळीमुळे असू शकतं, पण फिटची गोळी मी माझ्या मनानं बंद करणार नाही. ज्यांनी दिली त्यांना आधी विचारा, आत्ताच फोन लावा.

बेबीताईनं रुपया टाकला. बराच वेळ तिकडची लाइन गुंतलेली. मग एकदाची लागली.

"हॅलो, दवाखाना." बाईचा आवाज. तरुण, थकलेला. तिचं नाव प्राची, हे आम्हाला नंतर कळलं.

"मी बोरीहून बोलून राह्यली, निकिताची माय. थे फिटची गोळी देल्ली होती ना, पोरीच्या आंगावर चट्टे आले जी. गोळी द्याची का बंद कराची, यवढंच विचारा डॉक्टरसायबाले."

"डॉक्टर पेशंट बघतायत. तुमचा नंबर सांगा. परत फोन करतील."

"मी येऊ का तिले घेऊन?"

"अहो, चट्ट्यांसाठी एवढ्या लांब कशाला येता? तसंही नंबर लावल्याशिवाय बघत नाहीत. फोनवरच सांगतील ना."

परत फोन करतील. मित्रांनो, फोनसाठी याहून गोड शब्द नाहीत. झाडाला पाऊस, तसा मला परत येणारा फोन. मी अंग सावरून बसलो.

बेबीताईही बसली. घरून अर्धवट उमललेल्या बोंडांची टोपली आणली होती. एकेक बोंड सोलून कापूस काढत ती माझ्याकडे बघत राहिली. निकिता बाहेर गेली आणि तारेच्या खांबाला कान लावून उभी राहिली.

"आई, आतमधी कोणी गुणगुणून राह्यलं."

"डॉक्टर असन," बेबीताई म्हणाली. "विचार त्याले, गोळी द्याची का नाही."

निकितानं खरंच खांबाला विचारलं. मग परत कान लावला. उत्तर आलं नाही. मलाही आलं नाही. माणसं आली, रुपये टाकून बोलून गेली, आणि कुणी जास्त बोललं की बेबीताई चुळबुळ करायची. तिकडून फोन आला आणि लाइन गुंतलेली असली तर? सावल्या लांब झाल्या. दोन रिंगा वाजल्या. बायका उठल्या. बेबीताईनं श्वास सोडला खरा, पण अर्धाच.

संध्याकाळची गोळी द्यायची की नाही? गोळी हातात धरून ती दुकानाच्या पायरीवर किती वेळ उभी होती. दिली, तर चट्टे वाढतील. नाही दिली, तर ती विहीर. तिला विहीरच डोळ्यांपुढे दिसत असावी. तिनं गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रुपया. पुन्हा प्राची.

"कालपासून वाट पाहून राह्यलो बाई."

"डॉक्टरांच्या कानावर घालते मावशी. आज नक्की करतील."

दुपार झाली. उन्हात रस्ता झोपल्यासारखा. मीही अर्ध्या झोपेत. तारेवर एक वेडा राघू बसला होता आणि मला स्वप्न पडत होतं, की मी फोन नाही, सुगरणीचा खोपा आहे, आणि माझ्यातून पिलांचा आवाज येतो आहे. तेवढ्यात मी वाजलो.

एक रिंग.

इंदूबाईंचा हात बांगडीवर होता, तो तसाच थांबला. बेबीताईनं मान वर केली.

दुसरी रिंग.

मी वाट पाहिली, मित्रांनो. सगळं अंग गोळा करून तिसरीची वाट पाहिली. या रिंगेची चालच वेगळी होती. सदाशिवरावांची रिंग संथ वाटायची, बैलाच्या पावलासारखी. ही घाईची होती, तिच्या मागे पंखे फिरत होते, लेकरं रडत होती, औषधाचा वास होता. उचला, मला म्हणायचं होतं. पण फोनला रिंगेशिवाय दुसरा शब्द येत नाही. आणि ती बंद पडली.

बेबीताईच्या चेहऱ्यावर हसू आलं. चट्टे उठल्यापासून पहिल्यांदाच. "आज दुपारीच आठवण आली ह्यायले," ती म्हणाली आणि बोंड सोलायला लागली.

संध्याकाळी पुन्हा दोन रिंगा वाजल्या.

"काय वो बेबी," इंदूबाई म्हणाल्या, "तुहा नवरा आज दोन खेपा बरा आहे का?"

बायका हसल्या. बेबीताई हसली नाही. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. काहीतरी तिच्या मनाला शिवून गेलं, पण हाती लागलं नाही. ती निकिताला घेऊन घरी गेली आणि संध्याकाळची गोळी दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकिताच्या ओठांवर फोड होते. पाणी गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता काही विचारायचं नाही, उचलून यवतमाळलाच न्यायची, असं ठरवून बेबीताई स्टँडवर आली. तर रस्त्यावर गाड्या आडव्या. कापसाला भाव द्या म्हणून शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला होता. एसटी नाही, जीप नाही. काळीपिवळी जीप चालवणारा फुलसिंग आपल्याच बोनेटवर पाय सोडून बसला होता. बेबीताई दुकानात शिरली, ती तशीच माझ्यापाशी.

"दवाखाना? मी निकिताची माय. तुम्ही फोन काहून नाही केला वो बाई? पोरीच्या तोंडात फोड आले."

"मावशी, आम्ही काल केला होता." प्राचीचा आवाज चढला. "तुम्हीच उचलला नाही. लोक नंबर देतात आणि बसतात कुठेतरी जाऊन."

"मी फोनच्या म्होरंच बसली होती. कवा केलता?"

"दुपारी. जेवायच्या आधी."

बेबीताईनं हळूच विचारलं, "किती येळ वाजवला?"

"दोन रिंगा दिल्या. लाइन अडकवून ठेवता येत नाही हो आम्हाला. पेशंटचे फोन येत असतात."

इंदूबाईंनी तोंडावर हात ठेवला. मानीबाई बेबीताईच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. नवरा बरा आहे म्हणून काल दुपारी जी हसली होती, ती बाई माझा रिसीव्हर धरून उभी होती.

"मंग," ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणले, थे तं सांग."

"बंद करा म्हणाले... की अर्धी करा म्हणाले... थांबा हं." कागद चाळल्याचा आवाज. "नक्की आठवत नाहीये मावशी, काल इतकी गर्दी होती. विचारून परत फोन करते."

"नोको."

"काय?"

"परत फोन नोको करू माय. तू विचारून ये. मी ठिवत नाही. मी अशीच उभी राहतो."

"अहो, पण आत पेशंट आहे..."

"असू दे. मी हाओच ना इथी."

प्राचीनं रिसीव्हर टेबलावर ठेवला. कट्ट, असा आवाज आला. पण लाइन तुटली नाही.

आता माझी एक खोड तुम्हाला सांगायला हवी. रुपया संपत आला, की मी टुकटुक करायचो. पुढचा रुपया पडला नाही, तर लाइन माझ्याच हातानं तुटायची. मला तसंच घडवलं होतं. मी टुकटुक केलं. बेबीताईनं रुपया टाकला. पुन्हा टुकटुक, पुन्हा रुपया. मग तिची गाठ रिकामी झाली, आणि मला माझ्याच पोटाची भीती वाटायला लागली. तेवढ्यात मानीबाईंनी परतीच्या जीपसाठी ठेवलेलं नाणं पदराच्या गाठीतून सोडलं. "तसंही जीप कुठी चालून राह्यली," म्हणाल्या. इंदूबाईंनी गल्ल्यातून टाकले. रास्ता रोकोतला एक जण आत आला.

"मले बी फोन कराचा आहे, भावाले."

"तुह्या भावाच्या तोंडात फोड आले का?" इंदूबाईंनी विचारलं.

तो गोंधळला. मग त्यानं सगळी हकिकत ऐकली, आणि हातातलं नाणं स्वतःच माझ्या कपाळाच्या फटीत सरकवलं.

निकिता कंटाळून, तापून आईच्या कमरेला चिकटली होती. बेबीताईनं एका हातानं तिला कडेवर उचललं, रिसीव्हर मानेत दाबून धरला, आणि लेकराला थोपटता थोपटता, वेचणीत म्हणतात तशी, जुळेल तशी ओवी तिच्या ओठांवर आली.

तारेच्या वाटेनं
जाय माहा गं निरोप,
तिकडच्या घरी माय
कोणा लागली अशी झोप?

तिला वाटलं, ती लेकीला म्हणते आहे. पण तिचा आवाज माझ्यात उतरला. भिंतीतून, खांबावरून, कडुलिंबाच्या शेंड्यावरून, वेड्या राघूच्या पायांखालून, कापसाच्या पांढऱ्या शेतांवरून गेला, आणि यवतमाळच्या दवाखान्यातल्या टेबलावर, आडव्या पडलेल्या रिसीव्हरमधून बारीक होऊन बाहेर पडला. मी तिथं होतो ना, मित्रांनो. तारेला दोन टोकं असतात. मला ऐकू आलं, की तिकडची गडबड हळूहळू कमी होत गेली. एका म्हातारीचा आवाज आला, "बाई, तुमच्या फोनमधी कोणी गाऊन राह्यलं." कुणाच्या तरी चपला थांबल्या. मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज, आणि एका पुरुषाचा खोल स्वर.

"कोण बोलतंय?"

ओवी तुटली. "निकिताची माय. बोरीची. फिटवाली पोरगी, डॉक्टरसायब."

"हां, निकिता. गोळी बंद केली ना कालपासून?"

"नाही जी."

"तुम्हाला कळवायला सांगितलं होतं मी काल."

पलीकडे प्राची म्हणाली, "सर, मी केला होता फोन. त्यांनी..." आणि पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं.

"ऐका ताई," डॉक्टर म्हणाले. आवाज बदलला होता. "आता एकही गोळी द्यायची नाही. चट्टे आहेत, तोंडात फोड आहेत? मग वाट बघायची नाही. मुलीला आत्ता, आहे तशी घेऊन या."

"नंबर नाही लावला जी."

"नंबर नको. या तुम्ही."

बेबीताईनं रिसीव्हर माझ्या आकड्यावर ठेवला, तेव्हा तो तिच्या घामानं ओला होता. दारातून मला रस्त्याचा एक तुकडाच दिसतो. त्या तुकड्यात मी पाहिलं, की तो भावाला फोन करायला आलेला माणूस धावत गेला, आणि त्यानं हात वर करून काहीतरी सांगितलं. आडव्या लावलेल्या बैलगाडीचं जू दोघांनी उचललं. चाक फिरलं. मायलेकींना घेऊन फुलसिंगची जीप त्या फटीतून निघून गेली. मागे गाडी पुन्हा आडवी झाली.

मग उरलं ते वाट पाहणं. आजवर मी माणसांना वाट पाहताना पाहिलं होतं. आता मीच बेबीताई झालो. त्या संध्याकाळी दोन रिंगा वाजल्या. दारव्ह्याच्या सदाशिवरावांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं 'मी बरा आहे' तेवढं येऊन पोचलं, आणि ऐकून श्वास सोडायला बेबीताई नव्हती. इंदूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता सदाशिवरावायले कसं सांगाव वो?" दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला, तेव्हा दारव्ह्याकडे जाणाऱ्या पहिल्याच जीपबरोबर त्यांनी निरोप धाडला. सदाशिवरावांनी गाडी शेजाऱ्याच्या भरवशावर सोडली आणि तिथूनच यवतमाळ गाठलं.

गावात बायका रोज यायच्या, माझ्यासमोर बसायच्या.

आणि एका दुपारी मी वाजलो.

एक. इंदूबाईंनी हातातली बांगडी खाली ठेवली.

दोन. हात पुढे आला आणि हवेतच थांबला. कितीही झालं तरी इतक्या दिवसांची सवय.

तीन.

तीन, मित्रांनो! मी असा वाजलो, की आरशाशेजारच्या बांगड्या किणकिणल्या. चार. मानीबाई ओरडल्या, "उचल ना वो!" पाचव्या रिंगेला इंदूबाईंनी उचलला.

"हॅलो, बांगड्यांचं दुकान का? मी दवाखान्यातून प्राची बोलतेय. निकिताची आई म्हणाल्या, इथे कळवा म्हणून. मुलगी आता धोक्याबाहेर आहे. आज पाणी प्यायली, थोडी पेज खाल्ली. गोळी बदललीय. अजून काही दिवस इथेच ठेवतील."

इंदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"मावशी, ऐकताय ना?" प्राची जराशी अडखळली. "आणि... तुमच्याकडे फोन करायचा तर किती रिंगा द्यायच्या, ते सांगून ठेवा. म्हणजे मग चूक नको."

"बाई," इंदूबाई म्हणाल्या, "तू फक्त वाजवत राह्य. आम्ही येतो."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते हेच. त्यानंतर दसऱ्याचं हळदकुंकूही फिकं वाटलं.

निकिता घरी आली. ती ओवी वेचणीच्या बायकांनी उचलली. शेताशेतांत फिरून तिला नवं कडवंही फुटलं, कोणी जोडलं कोण जाणे. तारेवरून मला ते ऐकू यायचं.

तिसरी वाजू दे माय,
हात पिठात असन,
उंबऱ्याचं लेकरू
टाकून बाई कशी धावन?

मग दिवस पालटले. एकेकाच्या खिशात मोबाइल आला. माझ्या पोटात नाणी पडेनाशी झाली. कधी कुणी पोरगं गंमत म्हणून रिसीव्हर उचलायचं, "हॅलो हॅलो" करून पळायचं. शेवटी एक दिवस खेमसिंग आला, केस पांढरे झालेले, आणि खांबावर चढून माझा हात काढून घेऊन गेला. डबाही नेणार होता. इंदूबाई आडव्या झाल्या. "तार ने. हा राहू दे. म्या जे जे पाह्यलं, थे यानंबी पाह्यलं आहे." खेमसिंगनं डबा तिथंच सोडला. चहा पिऊन गेला.

परवाच्या दिवाळीत निकिता माहेरी आली होती. आता तिला स्वतःचं लेकरू आहे. बेबीताईचे गुडघे सुजले होते, दोघी दुकानात टेकल्या होत्या, आणि निकिता आपल्या मोबाइलवर शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याला फोन लावत होती. मला तिच्या फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. आधी गाणं वाजलं. मग एक गोड, यंत्राचा आवाज म्हणाला, कृपया प्रतीक्षा करा. पुन्हा गाणं. मग माणसाचा आवाज आला आणि म्हणाला, "नंबर देऊन ठेवा. आम्ही परत फोन करू."

बेबीताईनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे.

निकितानं पर्स उघडली, एक रुपया काढला, आणि हसत हसत माझ्या कपाळाच्या फटीत टाकला. किती वर्षांनी. खण्णकन पोटात पडला तो. मग तिनं माझ्या पिवळ्या अंगाला पाठ टेकली आणि मोबाइलमध्ये शांतपणे म्हणाली, "नाही, ठेवत नाही. तुम्ही विचारून या. मी आहे इथेच."

मित्रांनो, मी जुना झालो. मला रंग लावा, पुसा, असं मी म्हणणार नाही. डोक्यावरची खोकीही राहू द्या, आता त्यांची सवय झाली आहे. माझं मागणं वेगळंच आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी दवाखान्याच्या टेबलाशी बसेल, कुणी नुसतंच कुणाचं तरी असेल. कुणाला 'परत फोन करतो' म्हणालात, तर करा. त्या तीन शब्दांसमोर कुणीतरी टोपली घेऊन बसलेलं असतं. आणि केलात, तर घाई करू नका. तिकडे हात पिठात असतो, लेकरू उंबऱ्यावर असतं.

तिसरी रिंग वाजू द्या. आम्ही येतो.